समीकरणांचा तराजू: आठवी-नववीच्या वर्गात वर्षभर वापरलेल्या एका संचाचे परीक्षण

सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवी ते दहावीच्या वर्गांना गणित शिकवते. आठवीत एकचल समीकरणे येतात, नववीत दोन चलांतील रेषीय समीकरणे येतात आणि दहावीच्या बीजगणिताचे पहिलेच प्रकरण पुन्हा त्याच विषयाचे असते. तेथे आलेख आणि क्रेमरची पद्धत (निश्चयक, म्हणजे सहगुणकांची चौकोनी मांडणी, वापरून उकल काढण्याची रीत) यांची भर पडते. तीन वर्षे मुले एकच धागा धरून पुढे जातात. तो धागा आठवीत नीट हाती लागला नाही, तर दहावीत निश्चयक मांडता येतो, उत्तरही बरोबर येते, पण आपण नेमके काय शोधून काढले हे त्या मुलाला सांगता येत नाही. याच अडचणीवर उपाय म्हणून गेल्या वर्षी जून महिन्यात मी स्वखर्चाने एक लाकडी संच मागवला. समीकरणे तराजूवर शिकवण्यासाठी तो एका लहान उत्पादकाने तयार केलेला आहे. वर्षभर वापरल्यानंतर त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण तो विकत घेण्यापूर्वी मला कोठेही मराठीतून लिहिलेला अभिप्राय सापडला नव्हता.

संचाची किंमत कुरियरसह १,८५० रुपये पडली. त्यात सुमारे हातभर लांबीची दांडी असलेला तराजू, दोन स्टीलची पारडी, एकसारख्या वजनाच्या ४० चकत्या, तोंडाला नाडी असलेल्या ६ लाल व ६ निळ्या कापडी थैल्या, त्याच कापडाच्या १० रिकाम्या पांढऱ्या थैल्या, आलेखासाठी खुंट्यांची एक पाटी, रंगीत दोरे आणि एक पुस्तिका एवढे साहित्य मिळते. लाकडाला पॉलिश चांगले आहे, कडा घासून गुळगुळीत केलेल्या आहेत आणि वर्षभर चाळीस-पन्नास हातांतून फिरूनही एकही थैली उसवलेली नाही. बांधणीबद्दल माझी एकच गंभीर तक्रार आहे आणि ती पुढे येईल.

संच मागवण्यामागचे कारण आधी सांगते, म्हणजे मी त्याची पारख कोणत्या कसोटीवर केली हे वाचकांच्या लक्षात येईल. आठवीच्या वर्गात पहिल्या दिवशी मी फळ्यावर ७ + ५ = □ + ४ असे लिहिते आणि चौकटीत काय येईल ते विचारते. दरवर्षी अनेक मुले १२ लिहितात. पहिलीपासून त्यांनी बरोबरचे चिन्ह 'आता उत्तर लिहा' अशा अर्थानेच पाहिलेले असते. दोन्ही बाजू सारख्या भाराच्या असल्या पाहिजेत हा त्या चिन्हाचा खरा अर्थ त्यांच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. अशा मुलाला आपण 'पलीकडे नेले की चिन्ह बदलते' हा नियम शिकवतो. तो नियम चटकन पाठ होतो आणि तितक्याच चटकन चुकीच्या जागी वापरला जातो. ३क्ष = १२ येथे ३ पलीकडे नेऊन क्ष = १२ – ३ असे लिहिणारी उत्तरपत्रिका प्रत्येक गणित शिक्षकाने तपासलेली असेल.

तराजू या ठिकाणी उपयोगी पडेल असे कोणालाही वाटेल, मलाही वाटले. पहिल्याच तासाला मात्र एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. आजच्या बहुतेक मुलांनी दोन पारड्यांचा तराजू वापरात पाहिलेलाच नाही. भाजीवाला असो की किराणा दुकानदार, सर्वत्र इलेक्ट्रॉनिक काटा आहे, आणि वजन म्हणजे काचेवर उमटणारा आकडा अशीच मुलांची समजूत आहे. त्यामुळे पहिला अर्धा तास मला समीकरण बाजूला ठेवून केवळ तराजूवरच घालवावा लागला. खडू, पेन्सिली, कंपासपेट्या तोलून झाल्यावर 'दांडी आडवी म्हणजे दोन्हीकडे सारखे' हे त्यांच्या हातांना कळले. पुस्तिकेत याची काहीच दखल नाही. तराजू मुलांच्या ओळखीचाच आहे असे गृहीत धरून ती थेट थैल्यांपासून सुरू होते.

त्याच तासाला वर्गातील एका मुलाने मला मोठीच मदत केली. त्याच्या घरी भाजीचा व्यवसाय आहे आणि आजोबांची जुनी तागडी अजून माळ्यावर ठेवलेली आहे. मी रिकामा तराजू टेबलावर ठेवून बोलू लागले तेवढ्यात तो उठून म्हणाला, "बाई, दांडी डावीकडे झुकलीय. आधी पासंग घाला, मग तोला." दांडी खरोखरच किंचित झुकलेली होती. उजव्या पारड्याखाली शाडूच्या मातीची हरभऱ्याएवढी गोळी चिकटवल्यावर ती सरळ झाली. 'पासंग' हा शब्द वर्गातील बाकीच्या मुलांनी 'पासंगालाही पुरणार नाही' एवढ्याच रूपात ऐकला होता. त्या दिवशी त्यांना तो दिसला. पुढे वर्षभर प्रत्येक तासाच्या सुरुवातीला कोणीतरी दांडी तपासून 'पासंग ठीक आहे' असे सांगत असे. नवा तराजू मुळातच समतोल यायला हवा होता, यात शंका नाही. तरीही रिकाम्या पारड्यांत समानता नसेल तर भरलेल्या पारड्यांतल्या समानतेला अर्थ नाही, हे मुलांना कळण्यास हा दोष उपयोगी पडला हे मी प्रामाणिकपणे नोंदवते.

आता मुख्य उपयोगाविषयी. ३क्ष + २ = क्ष + १० हे समीकरण मांडायचे आहे असे समजू. शिक्षकाने आधीच प्रत्येक लाल थैलीत ४ चकत्या भरून नाडी आवळलेली असते. डाव्या पारड्यात ३ थैल्या व २ सुट्या चकत्या, उजव्या पारड्यात १ थैली व १० सुट्या चकत्या ठेवल्या की दांडी आडवी राहायला हवी. पण ती राहत नाही, कारण डावीकडे कापडाच्या दोन थैल्या अधिक आहेत आणि कापडालाही वजन आहे. त्यासाठी उजवीकडे दोन रिकाम्या पांढऱ्या थैल्या टाकायच्या असतात. संचाच्या रचनेतील ही मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. उत्पादकाला बहुधा केवळ वजन जुळवायचे होते, पण त्यातून एक फार मोलाची समज तयार होते: थैली म्हणजे क्ष नव्हे, तर थैलीत दडलेल्या चकत्यांची संख्या म्हणजे क्ष.

हा भेद बारीक वाटेल, पण बीजगणितातील कित्येक चुकांचे मूळ तेथेच असते. आपण शिक्षकच वर्षानुवर्षे '५आ + ३के म्हणजे पाच आंबे आणि तीन केळी' असे सांगत आलो आहोत. मुलांच्या मनात अक्षर म्हणजे वस्तू असे ठसते आणि मग 'एका पेनाची किंमत क्ष' या वाक्यात क्ष म्हणजे पेन की पेनाची किंमत, हा गोंधळ नववीपर्यंत सुटत नाही. रिकाम्या थैलीचे वजन वेगळे काढून टाकण्याची सवय लागलेल्या माझ्या विद्यार्थ्यांत हा गोंधळ यंदा स्पष्टपणे कमी दिसला.

पुढची क्रिया मुले स्वतःच करतात. दोन्ही पारड्यांतून एकेक भरलेली थैली उचलली, दांडी आडवीच राहिली. दोन्हीकडून दोन-दोन चकत्या उचलल्या, तरी आडवीच. डावीकडे आता २ थैल्या आणि उजवीकडे ८ चकत्या व २ रिकाम्या थैल्या उरल्या. दोन्ही पारड्यांतले निम्मे निम्मे बाजूला काढले की एका थैलीत ४ चकत्या आहेत हे थैली न उघडता कळते. त्यानंतर नाडी सोडून मोजायचे. या मोजणीला आम्ही 'ताळा' म्हणतो, आणि वहीत समीकरण सोडवल्यावर उत्तर मूळ समीकरणात घालून पाहण्याची सवय, जी एरवी कितीही सांगून लागत नाही, ती येथे कुतूहलापोटी आपोआप लागते. या साऱ्या खटाटोपात 'पलीकडे नेणे' हा शब्द एकदाही उच्चारावा लागत नाही. काहीही पलीकडे जात नाही. जे होते ते दोन्हीकडे सारखेच होते.

याच संचाच्या पुस्तिकेत तिसऱ्या पानावर 'पद पलीकडे नेताना चिन्ह बदलावे' असे ठळक अक्षरांत छापलेले पाहून मला मनापासून वाईट वाटले. जो नियम अनावश्यक ठरवण्यासाठी एवढे सुंदर साधन बनवले, तोच नियम साधनाबरोबर पाठवलेला आहे. पुस्तिकेची भाषाही सुधारायला हवी. पाठ्यपुस्तकात चल, सहगुणक, उकल, निर्देशक असे रुळलेले शब्द असताना येथे 'व्हेरिएबल' आणि 'कोएफिशंट' छापले आहेत, आणि मराठी माध्यमाच्या मुलांना ते वेगळेच काहीतरी आहे असे वाटते. माझा सल्ला असा की पुस्तिका कपाटात ठेवावी आणि संच वापरावा.

ऋण संख्यांपाशी मात्र तराजूची हद्द येते. क्ष + ९ = ४ हे समीकरण पारड्यात मांडता येत नाही, कारण थैलीत उणे पाच चकत्या भरता येत नाहीत. ही उणीव या संचाची एकट्याची नाही, तराजूच्या कल्पनेचीच आहे. पण ती शिक्षकाने झाकून ठेवू नये. मी येथे भास्कराचार्यांची मदत घेतली. इसवी सन १११४ मध्ये जन्मलेल्या या गणितज्ञाच्या 'बीजगणित' या ग्रंथात एक उदाहरण आहे: एका माणसाजवळ ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत, दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याच्यावर १०० रुपयांचे ऋण आहे, दोघांची संपत्ती समान आहे, तर एका घोड्याची किंमत किती? समीकरण होते ६क्ष + ३०० = १०क्ष – १००. 'ऋण' या शब्दाचा अर्थ येथे खरोखरच कर्ज असा असल्यामुळे मुलांना ते लगेच भिडते.

आम्ही एक चकती म्हणजे शंभर रुपये असे ठरवले. दोघांकडचे सहा-सहा घोडे आधी तोंडीच वजा केले, कारण संचात तेवढ्या थैल्या नाहीत. एकीकडे ३ चकत्या उरल्या आणि दुसरीकडे ४ थैल्या व एका चकतीचे कर्ज. हे कर्ज पारड्यात कसे ठेवायचे यावर वर्गात बराच वेळ चर्चा झाली. शेवटी एका मुलीने सुचवले की दोघांनाही शंभर-शंभर रुपये द्यावेत; दुसऱ्याचे कर्ज फिटेल आणि पहिल्याकडे ४०० होतील. ४ चकत्या आणि ४ थैल्या, म्हणजे घोड्याची किंमत १०० रुपये. उणे शंभर पलीकडे जाऊन अधिक शंभर का होते, याचे याहून सरळ स्पष्टीकरण मला माझ्या नोकरीच्या इतक्या वर्षांत सुचलेले नव्हते. यानंतर मात्र मी तराजू बाजूला ठेवला आणि ऋण उत्तराची समीकरणे वहीतच, 'दोन्ही बाजूंस सारखीच क्रिया' या एका वाक्याच्या आधाराने सोडवून घेतली. साधन कोठे सोडायचे हे ठरवणे शिक्षकाच्याच हाती असते.

नववीच्या वर्गात या संचाने माझ्या अपेक्षेपेक्षा अधिक दिले. दोन चलांतील समीकरणासाठी लाल थैली म्हणजे क्ष आणि निळी थैली म्हणजे य. एक समीकरण घेतले, उदाहरणार्थ क्ष + य = ७, तर लाल थैलीत १ आणि निळीत ६ असतील, किंवा २ आणि ५ असतील; मुले अंदाज सांगत राहतात आणि प्रत्येक अंदाज बरोबर असू शकतो. एका तोलण्यातून दोन थैल्यांचे गुपित कळत नाही, दुसरे तोलणे हवेच, हे कोणी सांगावे लागत नाही. (भास्कराचार्यही एकाहून अधिक अव्यक्त राशींसाठी कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे वापरत आणि त्यांची आद्याक्षरे लिहीत, हे सांगितल्यावर मुलांना आपल्या थैल्यांविषयी फार आपुलकी वाटली.)

एकसामयिक समीकरणे सोडवताना आपण मुलांना 'दोन्ही समीकरणांची वजाबाकी करा' असे सांगतो. एका समीकरणातून दुसरे समीकरण वजा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न हुशार मूल विचारते आणि बाकीची मुकाट्याने वजाबाकी करतात. तराजूवर त्याचे उत्तर असे मिळते. पहिले तोलणे: १ लाल व १ निळी थैली मिळून ७ चकत्या, म्हणजे क्ष + य = ७. हे सर्वांनी पाहिले, वहीत नोंदवले. दुसरे तोलणे: २ लाल व १ निळी मिळून ११ चकत्या, म्हणजे २क्ष + य = ११. आता दुसऱ्या तोलण्याच्या डाव्या पारड्यातून १ लाल व १ निळी थैली उचला. त्यांचा भार ७ चकत्यांइतका आहे हे आपण मघाशीच पाहिले आहे, म्हणून उजवीकडून ७ चकत्या उचलल्या, आणि अर्थात थैल्यांच्या बदल्यातील दोन रिकाम्या थैल्याही, तर दांडी ढळणार नाही. ती ढळली नाही. डावीकडे १ लाल थैली, उजवीकडे ४ चकत्या व १ रिकामी थैली; म्हणून क्ष = ४ आणि य = ३. चलाचा लोप करणे याचा अर्थ त्या क्षणी वर्गाला दिसला. समान भार वेगवेगळ्या वस्तूंच्या रूपात असला तरी दोन्ही बाजूंनी उचलता येतो, ही त्या रीतीमागची सगळी गोष्ट आहे आणि ती पुस्तिकेत कोठेही सांगितलेली नाही.

याच ठिकाणी माझ्या दोन ठोस तक्रारी आहेत. पहिली अशी की संचात तराजू एकच आहे. दोन समीकरणे एकाच वेळी खरी असतात हेच 'एकसामयिक' या शब्दात अभिप्रेत आहे, आणि ते दिसण्यासाठी दोन तराजू शेजारी शेजारी उभे असायला हवेत. पहिले तोलणे मोडून दुसरे मांडले की मागच्या बाकावरील मुलांना पहिले खोटे ठरल्यासारखे वाटते. दुसरी तक्रार चकत्यांच्या संख्येची. ३क्ष + २य = १८ आणि २क्ष + ३य = १७ यांसारख्या जोडीत दोन्ही समीकरणे मिळवली की ५क्ष + ५य = ३५, पाचाने भागले की क्ष + य = ७, ही सुरेख युक्ती तराजूवर दाखवायची म्हटली तर थैल्यांत ३५ आणि पारड्यात ३५ अशा ७० चकत्या लागतात, आणि संचात ४० आहेत. मी शेवटी सगळ्या चकत्या बाजूला ठेवून हार्डवेअरच्या दुकानातून एकाच मापाचे शंभर लोखंडी वायसर आणले.

त्यातून बांधणीचा तो गंभीर दोष उघड झाला. जुन्या तागडीत दांडी धारेवर टेकलेली असते, त्यामुळे ती थोड्याशा फरकानेही कलते. येथे दांडी लाकडातून घातलेल्या एका खिळ्यावर फिरते. भार कमी असताना त्याचा त्रास जाणवत नाही, परंतु पारडी भरली की खिळ्यापाशी घर्षण वाढते आणि एका चकतीचा फरक असूनही दांडी आडवीच राहते. एकदा आमच्या वर्गाने ५ थैल्यांचा भार १९ चकत्या असा मान्य केला आणि मग एका थैलीत ३.८ चकत्या कशा, या प्रश्नावर सगळे अडले. थैली उघडून ताळा केला तेव्हा ४ निघाल्या. ज्या साधनाचे सगळे सांगणे 'दांडी आडवी म्हणजे समान' या एका गोष्टीवर उभे आहे, त्याने तेथे चुकता कामा नये. मी खिळा काढून तेथे शिलाई यंत्राचे तेल सोडते. त्याने बराच फरक पडतो, पण दर पंधरवड्याने ते करावे लागते.

खुंट्यांच्या पाटीविषयी थोडक्यात सांगते. शून्य ते दहा अशा खुंट्यांवर दोरा ताणून (७, ०) पासून (०, ७) पर्यंत एक रेषा आणि (५, १) व (१, ९) यांतून जाणारी दुसरी रेषा घेतली की दोन्ही दोरे (४, ३) या खुंटीवर भेटतात. तराजूवर सापडलेले उत्तर पुन्हा येथे भेटले याचा मुलांना झालेला आनंद खरा होता. परंतु दोरा खुंटीपाशी संपतो म्हणून रेषाही तेथेच संपते असे मुलांना वाटू लागते, ऋण निर्देशकांना पाटीवर जागाच नाही, आणि छेदनबिंदू (४.५, २.५) असा आला तर तो दोन खुंट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडतो. समांतर रेषा आणि एकमेकींवर पडणाऱ्या रेषा मात्र दोऱ्यांनी छान दिसतात; क्ष + य = ७ आणि २क्ष + २य = १४ यांचे दोरे एकाच खुंट्यांवर चढले तेव्हा दुसऱ्या समीकरणाने नवीन काहीच सांगितले नाही हे सर्वांना पटले. आलेखाचा पुढचा अभ्यास आलेख कागदावर आणि संगणक असेल तेथे जिओजेब्रा या गणिताच्या संगणक-प्रणालीवर करावा. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलेले ते साधन शाळांना विनामूल्य वापरता येते, आणि सहगुणक बदलताच रेषा कशी फिरते हे खुंट्यांवर कधीच दिसणार नाही इतक्या स्पष्टपणे तेथे दिसते.

जानेवारीत मी नववीच्या मुलांना भास्कराचार्यांचेच दुसरे उदाहरण तराजूशिवाय घातले: एक मित्र म्हणतो, 'मला शंभर दे, म्हणजे माझे धन तुझ्या दुप्पट होईल', आणि दुसरा म्हणतो, 'तू मला दहा दे, म्हणजे माझे तुझ्या सहापट होईल'. क्ष + १०० = २(य – १००) आणि य + १० = ६(क्ष – १०); उत्तरे ४० आणि १७०. बऱ्याच वह्यांत समीकरणांच्या आधी समासात पेन्सिलीने दोन छोटे तराजू काढलेले होते, आणि त्यांतील एकीत दांडीच्या टोकाला एक बारीकसा ठिपकाही दिला होता. विचारल्यावर त्या वहीची मुलगी म्हणाली, "तो पासंग आहे, बाई."

आठवी-नववीला शिकवणाऱ्या शिक्षकांनी, विशेषतः वर्गात तीस-चाळीस मुले असतील तर, हा संच जरूर घ्यावा असे माझे मत आहे. घरी एकाच मुलासाठी १,८५० रुपये मात्र जास्त वाटतात, आणि थैल्या व वायसर जमवून सुताराकडून साधी दांडी करून घेतली तरी घरचे काम भागेल. केवळ दहावीच्या परीक्षेची तयारी हवी असणाऱ्यांना याचा उपयोग नाही, कारण शाब्दिक उदाहरणांतून समीकरण मांडण्याचे अवघड काम तराजू करून देत नाही. उत्पादकाला मी खिळ्याविषयी आणि पुस्तिकेतील तिसऱ्या पानाविषयी सविस्तर पत्र लिहिले आहे. सुटा तराजू ८०० रुपयांना देण्याची त्यांची तयारी आहे, आणि येत्या जूनपूर्वी मी तो दुसरा तराजू मागवणार आहे.